पाण्यावरची वीज आणि पाण्यावरचा हक

मे महिन्यात मराठवाड्यातल्या कोणत्याही मोहल्ल्यात जा, दोनच गोष्टी कानावर पडतात. नळाला पाणी कधी येणार आणि लाइट कधी येणार. टँकरमागे धावणारी घागर आणि रात्री उकाड्यात वारा घालणारी अम्मी, हे चित्र आपल्या वाचकांना नवे नाही. या दोन्ही टंचाईवर एकाच ठिकाणी, म्हणजे धरणाच्या पाण्यावर, उपाय शोधण्याचे काम सध्या देशात आणि देशाबाहेर चालू आहे. पाण्यावर सौर पॅनल तरंगत ठेवायचे आणि त्यातून वीज काढायची. त्याला तरंगता सौर प्रकल्प म्हणतात.

या विषयावर वाचकांकडून आलेले प्रश्न साधारण सारखेच आहेत. पाण्यावर वीज म्हणजे शॉक लागत नाही का? पिण्याचे पाणी खराब होते का? मासे मरतात का? पैठणच्या धरणावर असे काही होणार आहे, ते खरे का? आणि तिथे जाळे टाकून पोट भरणाऱ्यांचे काय? या महिन्यात आम्ही हे प्रश्न एकेक करून घेतो. शेवटच्या प्रश्नाला जास्त जागा देणार आहोत, कारण बाकीच्या प्रश्नांची उत्तरे इंजिनिअर देऊ शकतात, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आपल्या सगळ्यांना मिळून द्यावे लागेल.

हे असते तरी कसे?

घराच्या गच्चीवर बसवतात तेच सौर पॅनल इथे वापरतात. फरक फक्त खालच्या आधाराचा. गच्चीवर लोखंडी सांगाडा असतो, पाण्यावर प्लास्टिकचे पोकळ ठोकळे असतात. हे प्लास्टिक म्हणजे एचडीपीई, ज्याचे काळे पाइप आपल्याकडे पाणीपुरवठ्यासाठी आणि शेतात वापरतात. असे हजारो ठोकळे एकमेकांना जोडून मोठा तराफा तयार करतात. तराफा वाऱ्याने वाहून जाऊ नये म्हणून त्याला मजबूत दोर बांधतात आणि दोराचे दुसरे टोक तळाशी ठेवलेल्या वजनाला किंवा काठाला अडकवतात. गलबताचा नांगर, ज्याला आपल्या घरांत लंगर म्हणतात, तोच हा प्रकार. धरणाचे पाणी पावसाळ्यात चढते आणि उन्हाळ्यात उतरते. त्याप्रमाणे तराफा वरखाली व्हावा, पण जागा सोडू नये, एवढी सैल आणि एवढी घट्ट ही दोरी ठेवावी लागते. या प्रकल्पातले अवघड काम हेच आहे.

पॅनलमधून निघणारी वीज एकाच दिशेने वाहणारी, म्हणजे डीसी असते. ती इन्व्हर्टरमधून घरात वापरतात तशी एसी करायची, ट्रान्सफॉर्मरने तिचा दाब वाढवायचा आणि केबलने काठावर आणून मोठ्या तारांना जोडायची. बस, इतकेच.

शॉकचा प्रश्न इथेच निकालात काढू. सर्व तारा आणि जोड पाण्यापासून बंद केलेले असतात आणि बिघाड झाला तर प्रवाह तोडणारी यंत्रणा असते. तरी दाब शेकडो व्होल्टचा असल्यामुळे या भागात पोहायला, होडी न्यायला किंवा जाळे टाकायला मनाई असते. ही मनाई सुरक्षेसाठी योग्यच आहे, पण पुढे ज्या भांडणाबद्दल आम्ही लिहिणार आहोत त्याचे मूळही याच मनाईत आहे.

जमीन सोडून पाण्यात का?

पहिले कारण जमिनीचे. एक मेगावॅटचा सौर प्रकल्प जमिनीवर उभा करायला साधारण चार ते पाच एकर जागा लागते. शंभर मेगावॅट म्हणजे चारशे-पाचशे एकर. एवढी जमीन घ्यायची म्हणजे कोणाचे तरी शेत, कोणाचे तरी गायरान जाणार. धरणाखाली जमीन एकदा गेलेलीच असते. तिच्यावरचे पाणी वापरले तर नव्या शेतकऱ्याला उठवावे लागत नाही.

दुसरे कारण थंडाव्याचे. ऊन जास्त तर वीज जास्त, असे आपल्याला वाटते. ते अर्धेच खरे आहे. पॅनलला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. पॅनलची ताकद २५ अंश सेल्सियसला मोजतात. त्यापुढे प्रत्येक अंशाला ती साधारण ०.३ ते ०.४ टक्क्याने घटते. उन्हाळ्याच्या दुपारी गच्चीवरचे पॅनल ६० अंशांपर्यंत सहज तापते. म्हणजे ३५ अंश जास्त. मुलांना हिशेब करायला सांगा: ३५ गुणिले ०.३५ म्हणजे सुमारे १२ टक्के. शंभर युनिटच्या जागी अठ्ठ्याऐंशी. पाण्यावर हवा थोडी गार असते, म्हणून हे नुकसान काहीसे कमी होते. किती कमी, ते जागेवर आणि वाऱ्यावर अवलंबून असते.

तिसरे कारण आपल्या भागासाठी सर्वांत महत्त्वाचे. पॅनलची सावली पडली की पाण्याची वाफ कमी होते. मे महिन्यात आपल्याकडे उघड्या पाण्यातून दिवसाला १० मिलिमीटरच्या आसपास पाणी उडून जाते. एका बोटाच्या जाडीहूनही कमी, म्हणून कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. पण एक चौरस मीटरवर १० मिलिमीटर म्हणजे १० लिटर. एका एकरात ४,०४७ चौरस मीटर. म्हणजे एका एकरातून एका दिवसात ४० हजार लिटर, चार मोठे टँकर. आणि धरणाचा विस्तार हजारो एकर असतो.

रामगुंडमचा हिशेब

आपल्या शेजारच्या तेलंगणात, गोदावरीकाठी रामगुंडम येथे एनटीपीसीचे कोळशावर चालणारे मोठे वीज केंद्र आहे. त्याच्या जलाशयावर १०० मेगावॅटचा तरंगता प्रकल्प जुलै २०२२ पासून पूर्ण क्षमतेने चालू झाला. खर्च ४२३ कोटी रुपये. जागा ५०० एकर पाणी. त्याचे ४० भाग केले आहेत, प्रत्येक भाग अडीच मेगावॅटचा आणि प्रत्येक भागात ११,२०० पॅनल. म्हणजे एकूण ४ लाख ४८ हजार पॅनल. इथे इन्व्हर्टर आणि ट्रान्सफॉर्मरसुद्धा काठावर न ठेवता तरंगत्या चौथऱ्यावरच ठेवले आहेत.

या प्रकल्पामुळे वर्षाला सुमारे ३२.५ लाख घनमीटर पाण्याची वाफ टळेल आणि १ लाख ६५ हजार टन कोळसा वाचेल, असे प्रकल्प सुरू होताना सरकारने सांगितले. आम्ही शिक्षक मंडळी असा आकडा आला की तो ताडून पाहतो. ५०० एकर म्हणजे सुमारे २०.२ लाख चौरस मीटर. त्यावर ३२.५ लाख घनमीटर पाणी पसरले तर थर होतो १.६ मीटरचा. दख्खनच्या कोरड्या हवेत वर्षभरात उघड्या पाण्यातून इतके पाणी उडणे अशक्य नाही, पण हा आकडा सगळेच पाणी वाचते असे धरून काढलेला दिसतो. प्रत्यक्षात पॅनलच्या फटींमधून वारा खेळतो, थोडी वाफ होतेच. म्हणून याला वरची मर्यादा समजावे.

तरीही हा आकडा केवढा आहे ते पाहा. ३२.५ लाख घनमीटर म्हणजे ३२५ कोटी लिटर. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी द्यावे, असे सरकारी प्रमाण आहे. त्या हिशेबाने हे पाणी ६५ हजारांहून जास्त माणसांना वर्षभर पुरते. यातले निम्मे जरी खरोखर वाचले तरी एका तालुक्याच्या गावाची तहान भागते.

आपल्या देशात ही सुरुवात अगदी लहान झाली होती. २०१४ मध्ये कोलकात्याच्या न्यू टाउनमध्ये १० किलोवॅटचा प्रयोग झाला, म्हणजे तीन-चार घरांच्या गच्चीएवढा. २०१७ मध्ये केरळात वायनाडच्या बाणासुरसागर धरणावर ५०० किलोवॅट आले. २०२१ मध्ये विशाखापट्टणमजवळ सिंहाद्री येथे २५ मेगावॅट, नंतर केरळात कायमकुलम येथे ९२ मेगावॅट, मग रामगुंडम. मध्य प्रदेशात नर्मदेवरच्या ओंकारेश्वर धरणावर ६०० मेगावॅटचा प्रकल्प आखला असून त्याचा पहिला टप्पा उभा राहिला आहे. दहा किलोवॅटपासून इथपर्यंत यायला दहा वर्षे लागली.

परदेशात काय घडले?

इंडोनेशियाच्या पश्चिम जावा प्रांतात सिराटा नावाचे धरण आहे. तिथे जलविद्युत केंद्र आधीपासून होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच धरणावर १९२ मेगावॅटचा तरंगता प्रकल्प सुरू झाला. सुमारे २५० हेक्टर पाण्यावर ३ लाख ४० हजार पॅनल आहेत. त्यात इंडोनेशियाच्या सरकारी वीज कंपनीबरोबर अबुधाबीची मसदर ही कंपनी भागीदार आहे. कोकणातल्या किती तरी घरांतली माणसे आखातात नोकरीला असतात. तेलाच्या पैशावर उभे राहिलेले तिकडचे देश आज सूर्याच्या विजेत पैसा गुंतवत आहेत, ही गोष्ट आपल्या तरुणांनी मनात नोंदवून ठेवावी.

सिराटामध्ये शिकण्यासारखी एक गोष्ट आहे. धरणावर जलविद्युत केंद्र असले की विजेच्या मोठ्या तारा आधीच आलेल्या असतात. दिवसा सूर्याची वीज वापरायची, धरणाचे पाणी राखून ठेवायचे आणि मगरीबनंतर घराघरांत दिवे लागतात तेव्हा ते पाणी सोडून वीज करायची. सौर विजेची सर्वांत मोठी अडचण, म्हणजे रात्र, अशा जोडीने बरीच हलकी होते.

चीनच्या आन्हुई प्रांतात हुआइनान येथे कोळशाच्या खाणींमुळे जमीन खचली आणि तिथे पाणी साचले. त्या साचलेल्या पाण्यावर २०१७ मध्ये ४० मेगावॅटचा प्रकल्प सुरू झाला. शेतीला निकामी झालेल्या जागेचा असा उपयोग झाला. आपल्याकडेही दगडाच्या आणि कोळशाच्या सोडून दिलेल्या खाणींत पाणी साचलेले दिसते. आधी तिकडे पाहावे, असे आमचे मत आहे.

सगळेच गोड नाही. जपानमध्ये चिबा प्रांतात यामाकुरा धरणावर १३.७ मेगावॅटचा प्रकल्प होता. सप्टेंबर २०१९ मध्ये मोठे चक्रीवादळ आले. तराफे उखडले, पॅनल एकमेकांवर चढले आणि आग लागली. पाण्याच्या मध्यभागी लागलेली आग विझवणे काही सोपे नसते. दोर आणि लंगर यांवर आम्ही वर इतके का बोललो, ते यावरून कळेल.

पाणी आणि मासे

प्लास्टिकचे ठोकळे आणि पॅनल यांमुळे पिण्याचे पाणी बिघडते का? एचडीपीईचे पाइप पिण्याच्या पाण्यासाठीच वापरतात, त्यामुळे ठोकळ्यांची भीती फार नाही. सावलीमुळे हिरवे शेवाळ कमी होते, हा एक फायदाच. पण सावलीचे प्रमाण वाढले की चित्र बदलते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाने लहान तळ्यांचा ७० टक्के भाग पॅनलने झाकून पाहिला. २०२४ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. पाण्यातला प्राणवायू घटला आणि तळ्यातून निघणारे मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड हे वायू सुमारे २७ टक्क्यांनी वाढले. लहान तळे आणि मोठे धरण यांत फरक आहे, हे खरे. ७० टक्के झाकणे आणि ५ टक्के झाकणे यांतही फरक आहे. पण धडा स्पष्ट आहे. मर्यादेत झाकले तर पाणी वाचते, हाव धरली तर पाणी गुदमरते. माशांनाही हेच लागू. ते प्राणवायूवर आणि उजेडात वाढणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींवर जगतात. काठाजवळच्या उथळ पाण्यात बऱ्याच जातींची अंडी आणि पिले असतात. ती जागा मोकळी ठेवणे गरजेचे आहे.

पूर्वजांनीही पाणी झाकले होते

पाणी झाकून ठेवणे आणि पाण्याकडून काम करून घेणे ही आपल्या मातीला नवी गोष्ट नाही. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने आजच्या छत्रपती संभाजीनगरासाठी, तेव्हाच्या खडकीसाठी, नहर-ए-अंबरी बांधली. डोंगराकडचे पाणी जमिनीखालून उताराने शहरात आणले. वर ऊन तापले तरी खालचे पाणी उडत नव्हते आणि कुठे उपसाही करावा लागत नव्हता. याच परंपरेतल्या एका नहरीच्या पाण्याने पुढे बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळची पनचक्की फिरू लागली आणि तिथे येणाऱ्या फकीर-मुसाफिरांसाठी पीठ दळले जाऊ लागले. पनचक्कीसमोरचा मोठा हौज तर खालच्या दालनाचे छत आहे. एकच पाणी तहान भागवते, जाते फिरवते आणि खालची खोली थंडही ठेवते. पाण्याच्या एका थेंबाकडून तीन कामे घेणारी ती अक्कल होती. तरंगता सौर प्रकल्प हा त्याच अक्कलेचा आजचा अवतार म्हणता येईल. मात्र एका अटीवर. पनचक्कीचे पीठ गरिबाच्या ताटात जात होते. पाण्यावरची वीज कोणाच्या घरात जाणार आणि तिची किंमत कोण देणार?

पैठणचा प्रश्न

आता जायकवाडीकडे वळू. पैठणचा नाथसागर १९७६ मध्ये पूर्ण झाला. पाण्याचा पसारा सुमारे ३५० चौरस किलोमीटर आहे. पाणी खोल कमी आणि पसरट जास्त, म्हणून वाफेचे नुकसानही मोठे. या जलाशयावर हजार मेगावॅटपेक्षा मोठा तरंगता प्रकल्प करण्याची योजना आहे. रामगुंडमच्या हिशेबाने हजार मेगावॅटला ५ हजार एकर, म्हणजे सुमारे २० चौरस किलोमीटर पाणी लागेल. एकूण पसाऱ्याच्या सहा टक्क्यांच्या आसपास.

सहा टक्के हा आकडा ऐकायला लहान आहे. पण धरणातले सगळे पाणी सारखे नसते. उन्हाळ्यात काठ उघडे पडतात आणि पाणी मधल्या खोल भागात जमा होते. तराफे कोरड्या गाळावर टेकू नयेत म्हणून त्यांनाही खोल पाणीच हवे. आणि उन्हाळ्यात मासे मिळतात तेही तिथेच. म्हणजे नकाशावर सहा टक्के असलेली जागा मे महिन्यात जाळे टाकणाऱ्याच्या दृष्टीने कितीतरी मोठी होते.

नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्यही आहे. हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी इथे येतात. या प्रकल्पाच्या निविदेविरुद्ध कहार समाजाच्या एका संघटनेने आधी राष्ट्रीय हरित लवादाकडे आणि मग सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. लवादाने अर्ज फेटाळला आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. म्हणजे कायद्याने वाट मोकळी आहे.

पण कायद्याने वाट मोकळी होणे आणि इन्साफ होणे यांत अंतर असू शकते. जमीन गेली तर सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याला मोबदला मिळतो. पाण्याचा सातबारा कोणाच्या नावावर असतो? धरणातली मासेमारी सहकारी संस्थांना ठरावीक मुदतीने ठेक्यावर दिली जाते. कागदावर नाव संस्थेचे असते, होडीत बसतो तो माणूस बहुतेक वेळा कागदावर नसतोच. त्याची बायको बाजारात टोपली घेऊन बसते, तिचे नाव तर कुठेच नसते. धरण उतरल्यावर गाळपेरा करून काकडी-टरबूज पिकवणाऱ्यांचेही तसेच. ज्याचे नाव कागदावर नाही, त्याचे नुकसानही कागदावर दिसत नाही. आणि जे कागदावर दिसत नाही, त्याचा मोबदला देण्याचा प्रश्नच येत नाही.

यातली अनेक कुटुंबे धरणामुळे एकदा विस्थापित झालेली आहेत. शेती पाण्याखाली गेली, मग पाण्यातले मासे धरून जगायला शिकली. आता त्या पाण्यावरही पाटी लागणार. म्हणून प्रकल्प नको, असे आम्ही म्हणत नाही. कोळसा जाळून निघणारी राख आणि धूर कोणाच्या छातीत जातो, हे वीज केंद्रांच्या आसपास राहणारे आपले भाऊबंद जाणतात. उन्हाची वीज हवीच आहे. पण स्वच्छ विजेची किंमत सर्वांत गरीब माणसाने एकट्याने देऊ नये.

तुमच्या भागात असा प्रकल्प येत असेल, तर ग्रामसभेत, जनसुनावणीत किंवा लोकप्रतिनिधीसमोर हे पाच प्रश्न जरूर विचारा.

१. धरणाचा किती भाग झाकणार, आणि हा हिशेब पावसाळ्यातल्या भरलेल्या धरणाचा आहे की मे महिन्यातल्या उतरलेल्या धरणाचा?

२. होड्यांसाठी मोकळी वाट आणि माशांच्या विणीची उथळ जागा नकाशावर दाखवली आहे का?

३. प्रत्यक्ष मासे धरणाऱ्या आणि विकणाऱ्या कुटुंबांची यादी केली आहे का? त्यात बायकांची नावे आहेत का?

४. पाण्यातल्या प्राणवायूची तपासणी कोण करणार आणि आकडे गावाला कसे कळणार?

५. पॅनलचे आयुष्य साधारण २५ वर्षे. त्यानंतर लाखो पॅनल आणि प्लास्टिकचे ठोकळे कोण उचलणार?

हे प्रश्न विचारायला इंजिनिअर असावे लागत नाही. दहावी पास मुलगीसुद्धा ते वाचून दाखवू शकते. आम्हाला तर वाटते, तिनेच वाचावेत.

आपल्या घरासाठी

शेततळ्यावर असे पॅनल बसवता येतील का, असे काही वाचक विचारतात. तांत्रिकदृष्ट्या येतात, पण ठोकळे आणि दोर यांमुळे खर्च जमिनीपेक्षा वाढतो. शिवाय अस्तराच्या शेततळ्यात तळाला वजन ठेवताना अस्तर फाटण्याची भीती असते, म्हणून दोर काठालाच बांधावे लागतात. शेताच्या बांधावर किंवा घराच्या गच्चीवर जागा असेल तर आधी तीच वापरा.

घरासाठी केंद्र सरकारची पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ पासून आहे. दोन किलोवॅटपर्यंत प्रत्येक किलोवॅटला ३० हजार रुपये आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला एकूण ७८ हजार रुपये अनुदान मिळते. एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट वीज देते, म्हणजे महिन्याला सुमारे १२०. आधी बारा महिन्यांची बिले समोर ठेवा, सरासरी काढा आणि मगच किती किलोवॅट ते ठरवा. विकणारा सांगतो म्हणून मोठा संच घेऊ नका. योजना राहत्या घरांसाठी आहे आणि अर्ज सरकारी पोर्टलवरच करायचा असतो. दारावर येऊन रोख पैसे मागणाऱ्याला परत पाठवा.

आणि दहावी-बारावीच्या मुलांसाठी. रामगुंडमचे साडेचार लाख पॅनल कोणीतरी जोडले, कोणीतरी पुसते, कोणीतरी तपासते. आयटीआयमधला इलेक्ट्रिशियन किंवा सोलर टेक्निशियनचा कोर्स, तसेच सूर्यमित्र नावाचे सरकारी प्रशिक्षण, या कामाकडे नेते. आखातात आणि आपल्याकडे, दोन्हीकडे या कसबाला मागणी आहे. इंजिनिअरिंगची फी झेपत नाही म्हणून मुलाला गॅरेजवर पाठवण्याआधी आणि मुलीला घरी बसवण्याआधी जवळच्या आयटीआयमध्ये एकदा चौकशी करा.

शेवटी, सुट्टीत मुलांकडून एक प्रयोग करून घ्या. एकाच मापाच्या दोन थाळ्या किंवा परात घ्या. दोन्हींत सारखे पाणी मापाने ओता आणि गच्चीवर उन्हात ठेवा. एकीच्या चारही बाजूंना विटा रचून वर जुना पत्रा किंवा फळी ठेवा, पाण्याला न टेकता. दुसरी उघडी राहू द्या. जवळ पक्ष्यांसाठी वेगळे पाणी ठेवा, नाहीतर ते तुमचा हिशेब पिऊन जातील. अस्रच्या वेळी दोन्ही थाळ्यांतले उरलेले पाणी मापाने मोजा. सात दिवस वहीत लिहा आणि सरासरी काढा. वुजूच्या पाण्यातही इसराफ करू नये, हे आपण मुलांना तोंडाने शिकवतो. या वहीत ते त्यांना आकड्यांत दिसेल. ज्या मुलामुलींनी प्रयोग केला, त्यांनी आपले आकडे पोस्टकार्डावर मासिकाच्या पत्त्यावर पाठवावेत. मराठवाड्याचे, कोकणाचे आणि खानदेशाचे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहायला आम्हाला आवडेल. कोकणातल्या दमट हवेत पाणी कमी उडते का, ते त्यातूनच कळेल.